गोलकीपरच्या आईबापांची शिकवणी

अमेरिकेहून परत आले आणि साताऱ्यात जो भेटेल तो एकच विचारायला लागला, "नायगारा पाहिला का?" नाही पाहिला. स्वातंत्र्यदेवीचा पुतळासुद्धा चालत्या गाडीतून, अंगठ्याएवढा पाहिला. भर जुलै महिन्यात मी स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून एका गारठलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते आणि माझी नऊ वर्षांची नात बर्फावर पडायला शिकत होती, ते बघत होते. एवढ्या लांब जाऊन बाई हे बघून आली, म्हणून लोक माझी कीव करतात. करू देत. नायगारा काय, पडतोच आहे. त्याला शिकवावं लागत नाही.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. आमच्या ह्यांनी यायला साफ नकार दिला होता. "बर्फ बघायला अमेरिकेला कशाला जायचं, घरात फ्रिज आहे," असं म्हणून ते पेपर वाचायला बसले. मी एकटीच निघाले. सोबत मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि बेसनाचे लाडू. कस्टमवाल्या पोराने लाडू हातात घेऊन वास घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूटपणे परत ठेवला. गणिताच्या शिक्षिकेचं तोंड कोणत्याही देशात ओळखू येतं.

पार्सिपनी

माझी मुलगी मेघना औषधांच्या कंपनीत आहे आणि जावई अभिजित कॉम्प्युटरमध्ये. दोघंही पुण्याहून गेलेले. न्यू जर्सीतल्या पार्सिपनी नावाच्या त्यांच्या गावात सकाळी बाहेर पडलं की गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले आपलेच बाप दिसतात. पोरं मात्र कुठे दिसत नाहीत, कारण ती क्लासला असतात. पोहणं, व्हायोलिन, भरतनाट्यम, गणित, वक्तृत्व. आमच्याकडे मूल रिकामं दिसलं की त्याला दळण आणायला पिटाळायचे. इथे मूल रिकामं दिसलं की आईबापांना धडकी भरते.

इरा, माझी नात, आइस हॉकी खेळते आणि त्यातही गोलकीपर आहे, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. फोनवर मेघना नुसतं "स्केटिंग करते" एवढंच म्हणाली होती. मी जावयाला विचारलं, "अहो अभिजितराव, हे खूळ कुठून काढलंत?"

"आई, मी ॲक्च्युअली नीट रिसर्च केलाय," तो म्हणाला. "टेनिसला फार गर्दी आहे. स्विमिंगला वेटिंग लिस्ट. आइस हॉकीत आपलं कोणीच नाही. आणि त्यात गोलकीपर व्हायला कोणी तयार नसतं. कॉलेज ॲडमिशनला मोठा स्कोप आहे."

"नऊ वर्षांची आहे हो ती."

"म्हणूनच. आत्ताच लेट झालाय."

आमच्या वेळी सिव्हिलला स्कोप नाही म्हणून पोरांना मेकॅनिकलला ढकलायचे. जावयाने तोच नियम लावून पोरीला गोलात ढकलली होती. गंमत म्हणजे पोरीला ते मनापासून आवडलं, आणि हे त्याच्या रिसर्चमध्ये कुठे नव्हतं. गोलापुढे बर्फावर निळ्या रंगाचं अर्धवर्तुळ आखलेलं असतं. इरा त्याला "माझं घर" म्हणायची. बाकीचे सगळे मैदानभर धावत असतात, आपण मात्र आपल्या घरात उभं राहायचं आणि कोणाला आत येऊ द्यायचं नाही, हे तिला पटलं होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पायात पातं लावलेले बूट, हातात वाकडी काठी, आणि चेंडूऐवजी काळ्या रबराची चकती, आपल्या बटाटेवड्याला तळहाताने चपटं करावं तेवढी. तिला पक म्हणतात. ती अंगावर आली की लागते, म्हणून गोलकीपरच्या पायांना उशीएवढाली पॅडं, छातीला चिलखत, तोंडाला जाळीचा मुखवटा, एका हातात झेलायचा मोठा पंजा आणि दुसऱ्या हातात ढालीसारखी फळी. इराला हे सगळं चढवेपर्यंत माझी नऊवारी नेसून झाली असती. दातांना रबराची पट्टीही बसवतात. ती उकळत्या पाण्यात टाकून मऊ करायची आणि चावून आपल्या तोंडाच्या मापाची करायची, मग ती तोंडात असेपर्यंत माणसाला धड बोलता येत नाही. मला ती वस्तू फार आवडली. पुढच्या आठवडाभरात मी या निष्कर्षाला आले की या देशात ती चुकीच्या तोंडात घालतात.

आणि वास. त्या सामानाच्या पिशवीची चेन उघडली की घरातली माणसं खिडक्यांकडे धावतात. हे सामान धूत नाहीत, नुसतं वाळवतात, असं मेघना म्हणाली. माझ्या घरात असा गलिच्छपणा चालत नाही. ती दोघं ऑफिसला गेल्यावर मी तो झेलायचा पंजा बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवला, ब्रशने घासला आणि मागच्या गॅलरीत उन्हात टांगला. चामड्याची वस्तू ती. पाणी पिऊन अशी फुगली की दुसऱ्या दिवशीही निथळत होती. इराला कोणाचा तरी उसना पंजा लावून खेळावं लागलं. त्यानंतर मला घरात पोळ्यांशिवाय कशालाही हात लावायची बंदी झाली.

रिंक

गोलकीपरांचं दोन आठवड्यांचं शिबिर होतं, रोज ऑफिसं सुटायच्या वेळेला. त्या बर्फाच्या मैदानाला रिंक म्हणतात. शिकवणारी बाई होती, कोच पॅटी. माझ्याहून थोडी लहान, दाराएवढी रुंद, पांढऱ्या केसांची एक वेणी, आणि पुढचा एक दात नाही. तो दात पकने गेला असं इराने मला अभिमानाने सांगितलं, जणू घराण्याचा दागिना होता.

पहिल्या दिवशी पक आणलाच नाही. पोरांना नुसतं उभं राहायला शिकवलं. गुडघे वाकवायचे, छाती वर, हात पुढे. मग पडायला शिकवलं. दोन्ही गुडघे एकदम टेकायचे आणि पाय दोन्ही बाजूंना फाकवायचे, म्हणजे खालून फट राहत नाही. मग उठायला शिकवलं. ज्या बाजूला जायचं तिच्या उलट बाजूचा पाय आधी उचलायचा. पडा, उठा, पडा, उठा. पोरं बिचारी उलट्या कासवासारखी धडपडत होती.

काचेमागे बसलेल्या आपल्या लोकांचा जीव खालीवर व्हायला लागला; 'आपलं कोणीच नाही' हा रिसर्च आणखी दोनचार बापांनीही केला होता. आमच्या शेजारी नागपूरचा प्रशांत बसायचा. त्याचा रोहन पण शिबिरात होता.

"काय करून राहिली यार ही बाई?" प्रशांत म्हणाला. "तास होऊन गेला, पोट्टे नुसत्या उठाबशा काढून राहिले."

"ॲडव्हान्स्ड बॅच वेगळी असते का, विचारू या का?" अभिजित म्हणाला.

मला मात्र बाई पटली. मीही पाढे पाठ झाल्याशिवाय वर्गात कोणाला भागाकार करू दिला नव्हता. पण माझं मत कोणी विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यातल्या बुधवारी पक आला आणि काचेमागे तोंडांचे पट्टे सुटले. "इरा, गुडघा!" "रोहन, डावीकडे बघ बे!" मुखवटा घातलेल्या पोरांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, हीच देवाची कृपा. शिबिर सुटल्यावर कोच पॅटीने सगळ्या आईबापांना एकत्र उभं केलं. तिचं बोलणं असं होतं: काचेमागे बसा, टाळ्या वाजवा, शिकवायचं काम माझं आहे. आणि घरी जाताना गाडीत पोराशी एकच वाक्य बोलायचं, तुला खेळताना बघायला मला मजा आली. त्यापुढे शब्द नाही.

लोक हसले. आपले लोक जास्त हसले, कारण त्यांना वाटलं हा विनोद आहे.

तुम्हीच सांगा, आपल्यात असं कोणी बोलतं का? पोरगं पंच्याण्णव मार्क घेऊन आलं की आपण विचारतो, पाच कुठे गेले. तोंडावर कौतुक केलं तर दृष्ट लागते, नाहीतर पोर डोक्यावर बसतं, नाहीतर दोन्ही होतं. तरी मेघनाने त्या दिवशी गाडीत प्रामाणिकपणे प्रयत्न केला. "इरा, तुला खेळताना बघायला मजा आली हं," ती म्हणाली. मग सिग्नल लागला. सिग्नल सुटायच्या आत ती म्हणाली, "पण तो तिसरा गोल ना..."

अभिजितने तर 'मजा आली' पर्यंतही मजल मारली नाही. तो थेट 'पण' पासून सुरू करायचा. मी स्वतः 'पण' म्हटलं नाही. मी 'तरी' म्हटलं.

आणि रात्री जेवताना त्याची सिनेमा दाखवायची पद्धत होती. तो रिंकवर छोट्या कॅमेऱ्याने सगळं टिपायचा आणि घरी आल्यावर टीव्हीला जोडायचा. आम्ही वरणभात खायचो आणि समोर इराच्या पायांमधून पक आत जायचा. अभिजित बटण दाबून पक मागे न्यायचा, पुन्हा आत घालायचा. "इथे बघ. इथे. तुझी नजर कुठे आहे? पकवर नाहीये. काचेकडे बघते आहेस तू." इरा ताटातल्या भाताचा डोंगर करायची. मी लाडवाचा डबा पुढे केला तर तो म्हणायचा, "नको आई, मी गोड सोडलंय. शुगर बॉर्डरवर आहे." त्याचं सगळंच आयुष्य कसल्या ना कसल्या बॉर्डरवर होतं.

आयसेलिन

रविवारी मला हिंदुस्थान दाखवायला नेलं. आयसेलिन गावात ओक ट्री रोड नावाचा रस्ता आहे, तिथे साड्या, सोन्याची दुकानं, पाणीपुरी, सगळं आहे. पंधरा तास विमानातून आणलेल्या माणसाला लोक लगेच पाणीपुरी का खायला घालतात, हे मला समजलेलं नाही. पुरी मऊ होती. पाणीवाला ग्लोव्हज घालून देत होता, म्हणून चव लागत नसावी.

मेघना आणि अभिजित कारल्यांच्या ढिगापाशी वाद घालत होते. मी आणि इरा कुल्फी घेऊन बाहेर बाकावर बसलो.

"आजी, कॅन आय टेल यू समथिंग? बाबाला नाही सांगायचं."

"बोल."

"पक आत गेला ना, की बाबा फेस करतो. लाइक धिस." तिने तोंड करून दाखवलं. खालचा ओठ आत, भुवया वर, एक लांब श्वास. आमटीत मीठ जास्त झालं की जावयाचं जे तोंड होतं तेच, हुबेहूब. मला हसू आलं, पण तिला येत नव्हतं.

"मग बघू नकोस त्याच्याकडे."

"आय नो. पण हेड आपोआप जातं. आणि मग नेक्स्ट पक येतो आणि मी बघतच नसते." कुल्फी तिच्या मनगटावरून ओघळत होती. "कोच पॅटी म्हणाली, नजर नसेल तर गोलकीपरला लागतं. शी सेड, सॅटर्डेच्या मॅचला पण असंच केलं तर ती मला फॉरवर्ड करणार."

"फॉरवर्ड म्हणजे पुढे खेळायचं ना? मग काय बिघडलं?"

इराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पाढा चुकले होते. "आजी, फॉरवर्डला घर नसतं."

मला ते ऐकून फार वाईट वाटलं. आणि राग आला. पोरीला गोलात घालणारा बापच तिला गोलातून बाहेर काढत होता, तेही बोट न उचलता, नुसत्या भुवयांनी.

पुन्हा रिंक

सोमवारी मी कोच पॅटीला गाठलं. माझं इंग्रजी शाळेतलं, व्याकरणात पक्कं आणि बोलायला जड. मी तिला म्हटलं, मुलगी पकला घाबरत नाही, बापाच्या तोंडाला घाबरते. ती म्हणाली, ठाऊक आहे, रोज बघते. मग तिने मला विचारलं, "तुमच्या घरात कोणाचं चालतं?"

मी म्हटलं, व्हिसा आहे तोवर माझं.

"मग शनिवारी त्याला बाहेर काढा," ती म्हणाली आणि शिट्टी वाजवत निघून गेली.

हे तिला बोलायला सोपं होतं. तिला जावई म्हणजे काय ते कुठे ठाऊक होतं? आपल्यात जावयाला पाटावर बसवायचं, अधिक महिन्यात तबक भरून अनारसे द्यायचे, तो घोरला तरी झोप चांगली लागली ना म्हणून विचारायचं. जावयाला 'बाहेर जा' म्हणणारी सासू मी तरी पाहिली नव्हती. आठवडाभर मी तो शब्द तोंडात घोळवत होते. पोळ्या लाटताना घोळवला, नळाखाली भांडी धुताना घोळवला. मेघनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मी पण तोंड करते का गं?"

"करतेस. तुझं थोडं सौम्य आहे."

शनिवारी सकाळी रिंकवर शिबिराची शेवटची मॅच. एका गोलात इरा, समोरच्या गोलात प्रशांतचा रोहन. मेघना आपणहून बाहेरच्या कॉफीच्या यंत्रापाशी काचेकडे पाठ करून बसली. अभिजित नेहमीच्या जागी, इराच्या गोलाच्या तिरकस समोर काचेमागे, कॅमेरा घेऊन सज्ज.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "अभिजितराव, गाडीत जाऊन बसा."

"आई?"

"पोरगी पक बघायचा सोडून तुमचं तोंड बघते. ते तोंड घेऊन गाडीत बसा."

तो इतका गोरामोरा झाला की मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार आणि माझं परतीचं तिकीट लवकरचं निघणार. पण त्याने एकदा काचेतून इराकडे पाहिलं. ती पॅडांचे पट्टे ताणत होती आणि मान वर करून याच जागेकडे बघत होती. ते त्यालाही दिसलं असणार. कॅमेरा त्याने माझ्या हातात दिला. जावयाला रिकाम्या हाताने घालवायचं नाही म्हणून मी पिशवीतला लाडवाचा डबा त्याच्या हातात दिला आणि तो डबा घेऊन निघून गेला. प्रशांतने हे सगळं पाहिलं आणि जरा सरकून बसला. त्याला कोण बाहेर काढणार, त्याची सासू नागपुरात.

मॅच सुरू झाली. पहिला पक लगेच आत गेला. इराची मान झटकन वर आली, काचेकडे. तिथे बाबा नव्हता. तिथे कानटोपी घातलेली मी होते. आणि खरं सांगते, माझ्याही भुवया वर जायला निघाल्या होत्या. इतकी वर्षं चुका बघून त्या वर जायला शिकल्या आहेत. मी शाल नाकावर ओढली आणि तिचं टोक दातात धरलं. रबराची पट्टी कोणाला पाहिजे ते त्या क्षणी मला नीट कळलं.

दुसरा गोल झाला तेव्हा मी वाट बघत होते. मान वर आली नाही. इराने गोलाच्या जाळीवर ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, मुखवट्यातून एक घोट घेतला, बाटली परत ठेवली. काठीने डावा खांब ठोकला, उजवा खांब ठोकला. आपलं घर जागेवर आहे याची खात्री करून घेतली आणि गुडघे वाकवून पुढच्या पकची वाट बघू लागली. मग पकमागून पक आले. काही तिने पॅडांनी अडवले, एक पंजात झेलला, तोच पंजा, अजून साबणाचा वास येणारा. आणखी दोन आत गेले. दरवेळी पाणी, डावा खांब, उजवा खांब. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आठ हजार मैलांवरून आलेल्या आजीकडे नात ढुंकूनही बघत नव्हती, आणि मला इतका आनंद झाला की शाल दातातून सुटली.

रोहनची बाजू जिंकली. प्रशांत उभा राहून नाचला. कोच पॅटी बर्फावरून इराजवळ गेली, तिच्या मुखवट्यावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाली, "सप्टेंबरमध्ये ये. गोलात."

गाडीत इरा मागे माझ्या शेजारी बसली, घामाने चिंब, लालबुंद. मेघना पुढे. अभिजित स्टिअरिंग धरून बसला होता, गाडी सुरू न करता.

"किती गेले?" त्याने मला विचारलं.

"मी मोजले नाहीत," मी म्हटलं. मेघनाने वळून माझ्याकडे पाहिलं. तिने मला न मोजता आजवर काही करताना पाहिलेलं नव्हतं.

"फोर," इरा म्हणाली. "पाणी आहे?"

आरशात मला जावयाचं तोंड दिसत होतं. खालचा ओठ आत गेला. भुवया हलल्या. 'पण' घशापर्यंत आला होता, आम्ही सगळ्यांनी तो ऐकला म्हटलं तरी चालेल. मग त्याने तो गिळला. मराठीत ते वाक्य त्याला जमलं नसतं, म्हणून तो इंग्रजीत म्हणाला, एकेक शब्द सुटा करून, "आय लाइक्ड वॉचिंग यू प्ले, इरा."

"बाबा," इरा म्हणाली, "बट यू वेअर इन द पार्किंग लॉट."

काहीतरी करायचं म्हणून मी पोरीला लाडू द्यायला पुढच्या सीटवरून डबा मागितला. अभिजितने तो मागे दिला आणि लगेच गाडी सुरू केली. मी झाकण उघडलं. डबा रिकामा होता. गोड सोडलेल्या माणसाने एकट्याने बसून तो तळाच्या चुऱ्यासकट संपवला होता.